काढलेला बिंदू

माझा मोठा भाऊ मंगरूळपीरच्या एका महाविद्यालयात गणित शिकवायचा. आमचं शेत तिथून जीपने जाता येईल अशा एका गावाला लागून आहे. या शेतात एक जागा होती, जिथे पेरलं जात नसे. तिथे भावाची बायको, माझी वहिनी, वीज पडून गेली. ती जागा कशी ठरली, कशी हरवली आणि हरवल्यावर आमच्या घरात काय झालं, ते मी इथे लिहितो आहे.

त्या काळात मी वाशिमला एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात होतो. घरचा फोन आधी आला, तालुक्याची बातमी नंतर. संध्याकाळच्या पाळीला मी एकटाच होतो, त्यामुळे बातमी मलाच लावावी लागली. ती एका स्तंभात बसली. शीर्षकात ‘महिला ठार’ होतं आणि मजकुरात ‘शेतशिवारात काम करत असताना’ होतं. अशा बातमीत जागा याहून नेमकी लिहीत नाहीत. वाचणाऱ्याला तिची गरज नसते.

भावाला होती. तो महाविद्यालयातून शेतात पोचला तोवर वहिनीला रुग्णालयात हलवलं होतं. शेतात फक्त एक म्हातारी होत आलेली मजूर बाई थांबली होती. तिला सगळे मावशी म्हणतात. वहिनी आणि ती शेजारशेजारच्या ओळींत नांग्या भरत होत्या. नांगी म्हणजे ओळीत जिथे बी उगवलेलं नसतं ती रिकामी जागा. तिथे हाताने पुन्हा बी टोचतात. वहिनीच्या ओच्यात तुरीचं बी होतं. आभाळ भरून आलं तेव्हा मावशी धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे निघाली. वहिनी म्हणाली, “एवढी ओळ सरू द्या.”

भावाने मावशीला विचारलं, “कुठं?”

मावशी म्हणाली, “सर, विहिरीवरून बाभळीकडं पाहा. मंग गोठ्यावरून मोहाकडं पाहा. दोन्ही नजरा जिथं कापतात, तिथं.”

आमच्या शेताच्या चार कोपऱ्यांवर चार खुणा होत्या. एका कोपऱ्यात विहीर आणि तिच्या समोरच्या कोपऱ्यात बाभूळ. उरलेल्या दोन कोपऱ्यांत गोठा आणि मोह. भाऊ विहिरीच्या कठड्याशी उभा राहिला, मावशीला गोठ्याजवळ उभं केलं, आणि धुऱ्याने जाणाऱ्या एका गड्याला थांबवून त्याच्या हातून विहिरीतून निघालेला काळा गोटा शेताच्या मधोमध ठेवून घेतला. तो स्वतः आत गेला नाही. त्यानंतर बरीच वर्षं तो त्या शेतात उतरला नाही. धुऱ्यावर यायचा, उभा राहायचा, परत जायचा.

भाऊ काय शिकवायचा हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्याचा आवडता विषय अफाइन भूमिती. शाळेतल्या भूमितीतून मोजपट्टी आणि कोनमापक काढून घेतले की जे उरतं ते, असं तो सांगायचा. तिथे लांबी नाही, कोन नाही, जवळ-दूर नाही. बिंदू आहेत, रेषा आहेत, आणि एकच प्रश्न आहे: हा बिंदू या रेषेवर आहे की नाही? ज्या दोन रेषांवर एकही सामाईक बिंदू नाही, त्या समांतर. सगळी इमारत तीन गृहीतकांवर उभी राहते. पहिलं, कोणत्याही दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. दुसरं, रेषेबाहेरच्या कोणत्याही बिंदूतून त्या रेषेला एक आणि एकच समांतर रेषा जाते. तिसरं, एका रेषेवर नसलेले निदान तीन बिंदू असतात. तिसऱ्याला मुलं हसायची. हे काय सांगायचं झालं? भाऊ म्हणायचा, ते सांगितलं नाही तर सगळं प्रतल एका रेषेत गोळा होऊन बसेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

हे तो लग्नाआधीपासून शिकवत होता. वहिनी त्याची थट्टा करायची. “तुमच्या त्या प्रतलात भाकर मिळते का हो? नाई, अंतर नाही म्हणता तर घरी जेवाले येता तरी कसे?” भाऊ म्हणायचा, “अंतर नाही म्हणूनच लवकर येतो.” “कालच्याला तर दिवे लागले होते,” वहिनी म्हणायची.

ती गेल्यानंतर एकदा मी त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. आम्हा दोघांना एकाच जीपने गावी जायचं होतं आणि त्याचा तास संपायचा होता. फळ्यावर त्याने चार बिंदू काढले, अ, ब, क, ड. प्रत्येक दोन बिंदूंना रेषेने जोडलं. सहा रेषा झाल्या. चौकोनाच्या चार बाजू आणि दोन कर्ण.

“हे सगळ्यात लहान अफाइन प्रतल,” तो म्हणाला. “तिन्ही गृहीतकं इथं खरी आहेत. तपासा.”

मुलांनी तपासलं. समोरासमोरच्या बाजू समांतर, इथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. मग तो म्हणाला, “अन् हे दोन कर्ण एकमेकांना समांतर.”

“सर, ते तर कापून राह्यले एकमेकाले,” एक मुलगी म्हणाली.

“कुठं?”

“हे काय, मधात.”

“तिथं कोणता बिंदू आहे? नाव सांग.”

“नाव नाई सर, पण दिसून तर राह्यलं.”

“दिसून राह्यला तो खडू. आपण बिंदू किती घेतले? चार. मधात कोणी नाही.”

मागून एक आवाज आला, “म्हणजे सर, दोन रस्ते एकमेकावरून गेले अन् चौकच नाई?”

“तसंच.”

“मंग उडाणपूल असन.”

वर्ग हसला. भाऊही हसला. मग त्याने फडकं घेऊन फक्त मधला भाग पुसला, जिथे दोन कर्णांचा खडू एकमेकांवर आला होता. रेषांचे तुकडे दोन्ही बाजूंना राहिले. तास संपेपर्यंत फळा तसाच होता.

मी तेव्हा जे पाहिलं ते इतकंच: विहीर, गोठा, बाभूळ, मोह ही चार नावं त्या चार अक्षरांच्या जागी ठेवली तर फळ्यावर आमचं शेत होतं.

आता त्या जागेचं. नांगरणी-वखरणीच्या वेळी गोटा हलवावाच लागायचा, म्हणून दर वर्षी पेरणीच्या तोंडावर जागा नव्याने ठरायची. भाऊ विहिरीवरून बाभळीकडे नजर लावायचा. मी गेलेलो असेन तर गोठ्यापाशी मी मोहाकडे नजर लावून उभा राहायचो. मावशी गोटा उराशी धरून मध्ये फिरायची.

“इकडं या,” भाऊ ओरडायचा.

“तिकडं, तिकडं,” मी ओरडायचो.

“तुमी दोघं भाऊ पहिले ठरवा,” मावशी मधून ओरडायची. “मले या वयात गोटा घेऊन नाचवू नका.”

दोघांनी हात वर केला की ती गोटा खाली ठेवायची. मग पेरणी. सोयाबीनच्या ओळी, मध्ये तुरीची ओळ, पुन्हा सोयाबीनच्या. पेरणाऱ्याला सांगितलेलं असायचं: गोट्यापाशी आलं की यंत्र उचलायचं, पुढे जाऊन टेकवायचं. पीक वर आलं की शेताच्या मधोमध एक उघडी जागा दिसायची, एक माणूस बसू शकेल एवढी.

गावातल्या बाया तिथे बसून भाकर खात नसत. निंदताना ती जागा सोडून पुढे जात. काही जणी सांगत की दिवस कलला की तिथे कोणी वाकलेलं दिसतं, ओळ संपवत असल्यासारखं. मी दोघींशी बोललो. एकीने स्वतः पाहिलं होतं, पण दुरून. दुसरीने पहिलीकडून ऐकलं होतं. मला काही दिसलेलं नाही. मात्र धुऱ्यावर उभं राहिलं की नजर आपोआप तिथे जाते आणि ती तिथून काढून घ्यावी लागते, हे मी नोंदवतो. भावाच्या बाबतीत ती निघत नसावी.

भावाला एक मुलगी आहे. वहिनी गेली तेव्हा ती गावच्या शाळेत होती. तिला त्या शेतात जायला मनाई होती. कारण कधी सांगितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही. मोठी झाल्यावर तीही गणितच शिकली, बापाचाच विषय. आता वाशिमला शिकवते. घरी आली की दोघं ओसरीत बसून गृहीतकांवर तासन्‌तास वाद घालत. वहिनीबद्दल बोलत नसत. एकदा ती मला म्हणाली, “काका, माझी आई कुठं गेली हे बाबांना दोन रेषांनी माहीत आहे. मला फक्त धुऱ्यावरून.”

गेल्या वर्षी पेरणी झाल्यानंतर वावधानात, म्हणजे वादळात, बाभूळ पडली. मोठं झाड होतं, मुळासकट उलटलं. त्या वर्षीचा गोटा जागेवर होता, पीक उभं होतं, त्यामुळे कोणाच्या मनात काही आलं नाही. लाकूड तोडून नेलं गेलं. पुढे उन्हाळ्यात बुंधा यंत्राने उपटला आणि खड्डा बुजवून जमीन सपाट झाली. तेव्हा भावाच्या लक्षात आलं की एक रेषा गेली. गोटा एकदा उचलला तर परत ठेवता येणार नव्हता. त्याने सांगून ठेवलं, या वर्षी गोट्याला हात लावायचा नाही. नांगर त्याच्या भोवतीने जाऊ द्या. ट्रॅक्टरवाल्याने ते पाळलं.

मग गोटे वेचण्याचं काम आलं. आमच्याकडे नांगरणीनंतर शेतात वर आलेले गोटे बाया वेचतात आणि धुऱ्यावर ढीग घालतात. दर वर्षी होतं, कोणाला सांगावं लागत नाही. गावातल्या बायांना कोणता गोटा उचलायचा नाही हे माहीत होतं. पण या वर्षी त्या दुसरीकडे कामाला गेल्या होत्या आणि मावशी नातीच्या बाळंतपणाला किन्हीराजा या गावी. म्हणून ऊसतोडीवरून नुकत्याच परतलेल्या एका दुसऱ्या वस्तीवरच्या बाया बोलावल्या. त्यांनी काम चोख केलं. संध्याकाळी भाऊ धुऱ्यावर आला तेव्हा शेत हाताने पुसल्यासारखं साफ होतं.

“मधातच एक मोठा होता, सर,” त्यांच्यातली एक म्हणाली. “तो मीनंच पहिले काढला. पेरणीले आडवा आला असता.”

भाऊ “बरं” म्हणाला. दुसऱ्या दिवशी, त्याला कळायच्या आत, रोटाव्हेटर फिरून गेला.

मला फोन मुलीने केला. मी गेलो तेव्हा ती धुऱ्यावरच्या ढिगापाशी उभी होती. काळे गोटे बरेच होते. पावसाची एक सर येऊन गेली होती आणि सगळे सारखेच ओले होते.

“यातला तो ओळखू येईल, बाबा,” ती म्हणाली.

“ओळखून काय करतं?” भाऊ म्हणाला. “गोटा म्हणजे जागा नव्हे. दर वर्षी आपण गोटा ठेवायचो. जागा रेषा ठरवायच्या.”

एक रेषा शिल्लक होती, गोठ्यावरून मोहाकडे जाणारी. जागा तिच्यावर कुठेतरी होती. कुठे, ते ठरवायला बाभूळ नेमकी कुठे उभी होती हे कळायला हवं होतं. ट्रॅक्टरवाला कामरगावचा, हसरा माणूस. त्यानेच बुंधा उपटला होता. त्याने धुऱ्याच्या टोकाला एक जागा दाखवली. मावशी निरोप मिळताच परत आली आणि त्याच्याशी भांडली.

“अरे बाप्पा, तिथं कुठं? बाभूळ नाल्याच्या अंगाला होती. मी तिच्या सावलीत जन्मभर भाकर खाल्ली.”

“मावशी, सावली फिरते. बुंधा फिरत नाई. मी उपटला ना.”

“तुनं उपटला त्या वक्ती तुह्या कानात गाणे चालू होते.”

“कानात होते, डोळ्यात नव्हते.” मग तो भावाकडे वळला. “सर, तुमी एवढे शिकेल माणूस. एक वेळ मोबाईलवर लोकेशन टाकून ठेवावं लागत होतं.”

“त्याला आकडे लागतात,” भाऊ म्हणाला. “मी आकड्यांशिवाय ठेवली होती.”

मुलीने तिसरा मार्ग काढला. शेताच्या समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत असं धरलं तर तीन कोपऱ्यांवरून चौथा मिळतो. मोहातून विहीर-गोठ्याच्या बाजूला समांतर रेषा, गोठ्यातून विहीर-मोहाच्या बाजूला समांतर रेषा. दोन्ही जिथे छेदतात तिथे बाभूळ. अफाइन भूमितीत याला लांबी लागत नाही. तिने दोऱ्या ताणल्या, मी टोकं धरली. चौथा कोपरा मिळाला, पण तो शेताबाहेर, शेजाऱ्याच्या उसाच्या सरीत पडला.

“शेत समांतरभुज नाही,” भाऊ धुऱ्यावरून म्हणाला. “पेरताना शेवटी पाचर उरते, पाहिलं नाही का? तू गृहीत धरलं ते खरं नव्हतं.”

विहिरीवरून या तिन्ही बाभळींकडे नजर लावली तर गोठा-मोहाच्या रेषेवर तीन वेगवेगळ्या जागा मिळत होत्या. मुलीने मावशीच्या हातून तिथे तीन काड्या रोवून घेतल्या. भावाने त्या बराच वेळ पाहिल्या. त्या तिन्ही एकाच रेषेवर होत्या. तेवढ्याने प्रतल होत नाही, हे त्याचंच तिसरं गृहीतक. ते त्याने तेव्हा बोलून दाखवलं नाही, पण घरी जाताना वाटेत मला म्हणाला, “माझ्याकडे आता एक रेषाच राहिली.”

पुढे अडचण वेळेची होती. जमिनीला पेरणीजोगा वापसा आला होता. तो टिकत नाही. शेजारच्या शेतांत यंत्रं चालू होती आणि ट्रॅक्टरवाल्याला दुसरीकडची बोलावणी येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो यंत्र जोडून आला आणि भावासमोर उभा राहिला.

“सांगा सर, कोणत्या काडीपाशी उचलू?”

भाऊ म्हणाला, “गोठ्यापासून मोहापर्यंत सगळीच रेषा सोड.”

ट्रॅक्टरवाल्याने शेताकडे पाहिलं. ओळी धुऱ्याला धरून जातात आणि ती रेषा तिरपी. प्रत्येक ओळ तिला एकदा कापणार. “म्हणजे हर ओळीले यंत्र उचलू? सर, शेतातून रस्ता काढून राह्यले का तुमी?”

“काढ.”

“काढतो, माहं काय जाते. पण लोक मले पुसतील, पिऊन पेरलं काय म्हणून.”

“थांबा,” मुलगी म्हणाली.

ती त्याच्याशी नाही, बापाशी बोलत होती. आम्ही विहिरीच्या कठड्याशी होतो. मावशी जवळच बियाण्याचं पोतं सोडत होती. मी जे ऐकलं ते असं.

“बाबा, प्रतलातून एक बिंदू काढला तर काय मोडतं?”

भावाने विहिरीत वाकून पाहिलं.

“तुम्हीच शिकवलंय. सांगा ना.”

“दुसरं गृहीतक मोडतं,” तो म्हणाला. वर्गात बोलतो तसं, सावकाश. “काढलेल्या बिंदूतून जाणारी एक रेषा घे. तिच्या बाहेर एक बिंदू घे. त्याच्यातून एक समांतर आधीच होती. आता जी रेषा त्या काढलेल्या बिंदूकडे जात होती, तीही हिला कुठं भेटत नाही. म्हणजे दोन समांतर झाल्या.”

“म्हणजे जी भेटणार होती, तीच समांतर होऊन बसली.”

“हो.”

“अन् चार बिंदूंच्या प्रतलात का नाही मोडत? तिथंही मधात कोणी नाही.”

“तिथं तो बिंदू कधी नव्हताच. नसलेल्याने काही मोडत नाही.” तो थांबला. “इथं होता.”

“होता ना,” ती म्हणाली. “मग असू द्या. तुम्ही तो काढून ठेवलाय, बाबा. मी त्याच्याकडेच जात होते. लहानपणापासून. आता सगळं शेत सोडा म्हणाल तरी चालेल, पण मग मला तिच्यापर्यंत जायला एकही ओळ राहणार नाही.”

भावाने कठड्यावर हात टेकला. मावशीने पोत्याची दोरी सोडायची थांबवली.

“पेरलं तर एक ओळ तिच्यावरून जाईल,” तो म्हणाला.

“जाईल. एकच जाईल. कोणती ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही.”

“ओळींच्या मधात जागा राहते. भूमितीतल्या रेषांसारखं नसतं ते. कदाचित एकही जाणार नाही.”

“कदाचित.”

ट्रॅक्टर चालूच होता. ट्रॅक्टरवाला सीटवरून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता. मुलीने मावशीला पाठवून तिन्ही काड्या उपटून आणायला लावल्या. बापाच्या हातात दिल्या. त्याने त्या घेतल्या.

“पेर,” तो ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला.

“सगळं?”

“हो. सगळं.”

पहिली ओळ विहिरीकडच्या धुऱ्याला धरून गेली आणि तिच्या अंगाने बाकीच्या. यंत्र कुठेही उचललं गेलं नाही. भाऊ पूर्ण पेरणी होईपर्यंत कठड्याशी उभा होता. यंत्र गोठा-मोहाची रेषा ओलांडायचं त्या प्रत्येक वेळी त्याच्या हातातल्या काड्या किंचित हलायच्या. तो मोजत नव्हता. मी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “यातली एक ओळ तिची, एवढं कळून पुरे आहे का, ते पाहतोय.”

त्यानंतर उगवण होईपर्यंत मी गावातच राहिलो. भाऊ रोज धुऱ्यावर जाई. कोंब वर आले, तसं शेत प्रथमच आरपार हिरवं दिसलं. मधोमध उघडी जागा नव्हती. गावातल्या बाया धुऱ्याने जाताना थांबत, पाहत आणि पुढे जात. वाकलेलं माणूस दिसण्याची गोष्ट थांबली नाही. उलट एकीने सांगितलं की आता ते शेतभर दिसतं, कधी या ओळीत, कधी त्या. मी तिला विचारलं, तिने स्वतः पाहिलं का. ती म्हणाली, “पाह्यलं नाई. पण ते जाईन कुठं?”

तुरीच्या ओळींत नांग्या पडल्या होत्या. दर वर्षी पडतात. बी खोल गेलं, पाखरांनी उचललं, अशी कारणं असतात. पण या वर्षी प्रत्येक रिकाम्या जागेकडे भाऊ ज्या पद्धतीने पाहत होता ते पाहून मजूर बाया भरायला उतरेनात. मावशीही म्हणाली, “सर पहिले सांगू द्या.” भाऊ सांगेना. बोटभर रिकामी जागा दिसली तरी ती तीच नसेल कशावरून, असा तो हिशेब होता, आणि त्याला शेवट नव्हता.

शनिवारी मुलगी वाशिमहून आली. स्वच्छ ऊन होतं, आभाळात काही नव्हतं. तिने मावशीकडून तुरीचं बी मागून घेतलं, ओढणीच्या टोकात बांधलं, आणि धुऱ्यावरून खाली उतरली. ती त्या शेतात पहिल्यांदाच उतरत होती. भाऊ माझ्या शेजारी उभा होता.

ती पहिल्या नांगीपाशी वाकली. बोटाने माती उकरली, बी टाकलं, तळव्याने दाबलं, उठली, पुढे गेली. पुन्हा वाकली. वाकली की तिची ओढणी पदरासारखी पाठीवर पडत होती. मावशीने माझा हात धरला. तिला काय दिसलं ते मला माहीत आहे, कारण मलाही तेच दिसत होतं.

ती गोठा-मोहाच्या रेषेच्या जवळ आली तेव्हा भाऊ धुऱ्यावरून उतरला. चप्पल वर काढून ठेवली. ओळी तुडवल्या जाऊ नयेत म्हणून दोन ओळींच्या मधून चालत तो तिच्यापर्यंत गेला. तिने मान वर केली.

“मलेही दे थोडं,” तो म्हणाला.

तिने ओढणीची गाठ सोडून त्याच्या ओंजळीत बी ओतलं. तो शेजारच्या तुरीच्या ओळीला लागला. त्याला सवय नव्हती. गुडघे दुखत असावेत, कारण तो वाकण्याऐवजी बसून पुढे सरकत होता. दोघं दोन ओळींत, जवळपास एकाच गतीने पुढे जात होते. तिरपी रेषा त्यांनी कुठे ओलांडली हे मला धुऱ्यावरून सांगता आलं नसतं. ते थांबले नाहीत, एवढं मी पाहिलं.

मावशीला राहवलं नाही. तीही पोत्यातून मूठभर बी घेऊन उतरली, भावाच्या मागोमाग गेली आणि त्याने भरलेली एक नांगी बोटाने उकरून पाहिली.

“सर,” ती ओरडली, “हे काय करून राह्यले? एकेका ठिकाणी मूठ-मूठ बी! दोन-दोन दाणे टाका. बाकीच्या जागाईले काय पुरन?”

भावाने मागे वळून पाहिलं. मग ओंजळीतलं उरलेलं बी उजव्या हातात घेतलं, त्यातले दोन दाणे वेगळे काढले आणि पुढच्या रिकाम्या जागेपाशी बसला.